राज्यकर्त्याचा न्याय कोणी करावा?

रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आमच्या मंडळ्यांतून वाचला जातो, तेव्हा ऐकणाऱ्यांचे मन बहुधा पहिल्या वचनापाशीच थांबते. अधिकार देवापासून आहे, सबब अधिकाऱ्याच्या अधीन असावे, एवढे ध्यानात राहते; आणि चौथ्या वचनात त्याच अधिकाऱ्यास देवाचा सेवक म्हटले आहे, ही गोष्ट मागे पडते. आता सेवक म्हटला की त्याचा धनी आला, आणि धनी आला की हिशेब आला. ज्या कारभाऱ्याच्या हाती धन्याने कोठाराच्या किल्ल्या दिल्या, त्याजकडे दाण्यांचा हिशेब कोणी मागू नये, असे आपण कोणत्याही वाड्यात म्हणणार नाही. मग ज्याच्या हाती तरवार दिली, त्याजकडे रक्ताचा हिशेब मागणे हा धर्मद्रोह कसा होईल?

हा प्रश्न आज काढण्यास कारण आहे. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी रशियाच्या राष्ट्राध्यक्षांवर, आणि २१ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्राएलच्या पंतप्रधानांवर, युद्धातील अपराधांबद्दल अटकेचे हुकूम काढले. या बातम्या आपल्या खेड्यापाड्यांतही पोचल्या आणि त्यांवर चावडीपुढे व प्रार्थनेनंतर मंदिराच्या ओट्यावर बोलणी झाली. इस्राएल हे नाव शास्त्रात वाचलेले असल्यामुळे कित्येक बांधवांस त्या दुसऱ्या हुकुमाने धक्काही बसला. कोणी म्हणतात, राजास मनुष्याच्या कोर्टात ओढणे देवास आवडणार नाही; त्याचा न्याय शेवटल्या दिवशी होईलच. दुसरे म्हणतात, असले हुकूम दुबळ्या देशांच्या पुढाऱ्यांसाठी असतात, बळकटांस कोण हात लावणार? या दोन्ही बोलण्यांत थोडे तथ्य आहे, आणि दोन्हींचा शेवट एकाच ठिकाणी होतो, तो असा की काहीच करावयाचे नाही. माझ्या मते या प्रश्नाचा विचार करण्यास प्रथम हेगेला जाण्याचे प्रयोजन नाही. तो कऱ्हा आणि नीरा या नद्यांच्या काठी करता येतो. कारण राज्यकर्त्यांचा न्याय न झाल्याने काय होते, हे बारामती व इंदापूर या मुलखाने आपल्या अंगावर सोसून पाहिले आहे.

परंतु आधी शास्त्राकडे वळू. दुसऱ्या शमुवेलाच्या अकराव्या अध्यायातील दावीदाचे पाप आमचे उपदेशक व्यभिचाराच्या पापाचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि बथशेबेचे नाव घेऊन पुढे जातात. ते पाप युद्धकाळातील अधिकाराच्या दुरुपयोगाचेही आहे, हे सांगितले जात नाही. राब्बा नगरास वेढा पडला होता. राजा घरी राहिला होता आणि फौज रणात होती. उरीया हित्ती यास मारावे असे दावीदाच्या मनात आले, तेव्हा त्यास मारेकरी शोधावा लागला नाही; युद्धच त्याचा मारेकरी झाले. ज्या कागदात उरीयाच्या मरणाचा हुकूम होता, तो कागद उरीयानेच आपल्या हाताने यवाब सेनापतीकडे नेला. यवाबाने हुकूम बजावला, आणि उरीया तटाजवळ पडला. त्याजबरोबर दावीदाचे आणखी काही शिपाई पडले, असे सतराव्या वचनात आहे. त्यांची नावे दिलेली नाहीत. राजाचे त्यांच्याशी वैरही नव्हते. एका मनुष्याचा खून लढाईसारखा दिसावा, एवढ्यासाठी त्यांचे प्राण गेले.

युद्धातील अपराधाची सारी अडचण येथे दिसते. शांततेच्या दिवसांत कोणी सत्ताधाऱ्याने शेजाऱ्याचे शेत बळकावले, तर निदान बांध जागेवर राहतो व पंच जिवंत असतात. अहाबाने नाबोथाचा मळा घेतला, तेव्हा मळा तेथेच होता. युद्धात हुकूम तोंडी सुटतात, कागद जळतात, आणि मेलेला मनुष्य शत्रूच्या बाणाने मेला की आपल्याच धन्याच्या इच्छेने, हे कोणास सांगता येत नाही. जो विचारील त्यास शत्रूचा हस्तक म्हणतात. दावीदाला लष्करातील एकाही मनुष्याने विचारले नाही. विचारले ते नाथानाने, आणि कसे विचारले? त्याने धमकी दिली नाही. एका गरिबाच्या मेंढीची फिर्याद त्याने राजापुढे मांडली, राजाकडूनच तिचा निकाल घेतला, आणि मग अपराधी कोण ते सांगितले. नाथानाजवळ शिपाई नव्हता, बेडी नव्हती. तरी ती एक न्यायाची बैठक होती, आणि तीत देशाचा राजा आरोपी होता.

दावीदाने पश्चात्ताप केला व त्यास क्षमा मिळाली, हे आपण सर्व जाणतो. पण पुढचे अध्याय वाचावे. त्याच्या घरातून तरवार गेली नाही. अबशालोमाचे बंड झाले, आणि एफ्राईमच्या रानात एका दिवसात वीस हजार मनुष्ये मेली. ती राजवाड्यातील नव्हती; ती इस्राएलातील घरोघरचे शेतकरी व मेंढपाळ होती. राजाच्या पापाची फेड प्रजेने केली.

आता आपल्या देशाकडे येऊ. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यास शनिवारवाड्यात अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे यांचा गारद्यांनी खून केला. त्यांस वाचविण्यासाठी आडवा पडलेला चाकर चाफाजी टिळेकर त्यांच्याबरोबरच मारला गेला. वाड्यातील इतर काही लोकही कापले गेले, त्यांत बायकाही होत्या. नारायणरावांचे चुलते रघुनाथराव हे त्या वेळी त्याच वाड्यात नजरकैदेत होते. पुतण्या मेला आणि चुलता पेशवा झाला. चिठ्ठीतील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' असे कोणी केले, आणि ते आनंदीबाईने केले, अशी गोष्ट महाराष्ट्रात घरोघर सांगतात, व तीवरून 'ध चा मा करणे' असे बोलण्यात आले आहे. आनंदीबाईवरील हा आळ अभ्यासकांनी निर्विवाद मानलेला नाही. परंतु जनरीतीकडे पाहा: पुरुषाच्या हाती राज्य असते, तो अपराध करतो, आणि लोक त्याच्या घरातील स्त्रीकडे बोट दाखवितात. बथशेबेचेही आम्ही असेच करतो.

या खुनाचा तपास करण्याचे काम न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांजकडे आले. हे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. लहानपणी शिकले नव्हते, साताऱ्यास एका सावकाराच्या घरी चाकरीस होते, आणि पुढे वयाने वाढल्यावर काशीस जाऊन शास्त्र शिकले, असे सांगतात. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत ते न्यायखात्याचे मुख्य झाले होते. त्यांनी काही आठवडे तपास केला आणि अपराधाचा माग खुद्द नव्या पेशव्यापर्यंत जातो असे त्यांस आढळले. ते रघुनाथरावांसमोर गेले व म्हणाले की या पापास देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही. आणि असा मनुष्य राज्यावर असेतोवर आपण या राज्यात न्यायाची चाकरी करणार नाही असे सांगून ते पुणे सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. ही हकीकत परंपरेने चालत आली आहे, आणि ग्रांट डफ याने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही ती आहे.

वाचकहो, या गोष्टीचा आपण मोठा गौरव करतो. शाळेतील मुलांनाही ती ठाऊक असते. पण गोष्ट येथे थांबवितात, ते बरे नाही. निकाल सांगितला, पुढे काय झाले? निकालाची बजावणी झाली नाही. रघुनाथराव फौज घेऊन निजाम व हैदर यांजवरील मोहिमेस निघाले होते, आणि जो फौजेच्या तोंडाशी आहे त्यास बेडी कोण घालणार? युद्ध हेच त्यांचे आश्रयस्थान झाले. पुण्यातील कारभारी एकत्र झाले, त्यांस बारभाई म्हणतात. मार्च १७७४ मध्ये पंढरपुराजवळ कासेगाव येथे लढाई होऊन बारभाईंचे सेनापती त्रिंबकराव पेठे पडले. पुढच्या महिन्यात नारायणरावांच्या विधवेस पुरंदरावर पुत्र झाला, तेव्हा रघुनाथरावांचा हक्कही गेला. मग ते सुरतेस इंग्रजांकडे गेले, आणि मार्च १७७५ मध्ये तह करून साष्टी व वसई देण्याचे कबूल करून त्यांनी परक्यांची फौज आपल्या देशावर आणिली. ते युद्ध, मधले विराम धरून, १७८२ पर्यंत चालले. एका मनुष्यास न्यायासनापुढे उभे राहावयाचे नव्हते, म्हणून सात वर्षे कोकणात, गुजरातेत व घाटावर माणसे मरत होती. इतर राजकीय कारणे नव्हती असे मी म्हणत नाही, इंग्रजांचा लोभ तर उघडच होता. पण त्या लोभास दार उघडून दिले ते या पळालेल्या आरोपीने.

शेवटी सालबाईचा तह झाला. त्याने रघुनाथरावांस दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली, आणि ते गोदावरीच्या काठी कोपरगावी जाऊन राहिले. डिसेंबर १७८३ मध्ये ते तेथे आपल्या बिछान्यावर मरण पावले. खुनातील काही हस्तकांस मात्र देहान्ताची शिक्षा मिळाली होती. ज्या हाताने तरवार धरली तो हात तोडला गेला, आणि ज्या मुखाने हुकूम दिल्याचा आरोप होता त्या मुखी शेवटपर्यंत तूपभात गेला.

येथे विचारी वाचक म्हणेल, मग काय करावयाचे होते? नेमणूक देऊन जर युद्ध थांबत असेल, तर आणखी हजारो शिपाई मारण्यापेक्षा ती देणे बरे नव्हे काय? हा आक्षेप हलका नाही. सालबाईच्या तहाने इंग्रज व मराठे यांच्यामध्ये सुमारे वीस वर्षे शांतता राहिली, ही खरी गोष्ट आहे. ज्यांच्या घरचे तरुण त्या वीस वर्षांत जगले, त्यांस विचारले असते, तर त्यांनी नेमणुकीचे २५,००० रुपये स्वस्त म्हटले असते. शांतीसाठी कधी अपराध्याशी बोलणे करावे लागते. पण बोलणे करणे एक, आणि अपराध घडलाच नाही असे वागणे दुसरे. सालबाईच्या तहाने न्यायाचे दप्तर बांधून माळ्यावर टाकले. 'या मनुष्याने खून करविला, आणि तरी आम्ही शांतीसाठी त्यास जिवंत ठेवीत आहो,' असे त्यात कोठेही म्हटले नाही. ज्या घरात बाप असा वाचला, त्या घरातील मुलाने त्यापासून काय शिकावे?

त्या मुलाचे नाव बाजीराव. तो रघुनाथरावांचा पुत्र, आणि १७९६ च्या अखेरीस तो पेशवा झाला. त्याच्याच काळी बारामती व इंदापूर यांच्यावर तो प्रसंग आला, ज्याचा उल्लेख मी आरंभी केला.

तुकोजी होळकरांचा मुलगा विठोजी हा पंढरपुराकडील मुलखात दंगा व लूट करीत होता. तो निरपराध होता असे नाही. त्यास पकडून पुण्यास आणिले. त्याची चौकशी व्हावी, साक्षी घ्याव्या, आणि मग शिक्षा व्हावी, हा मार्ग मोकळा होता. रामशास्त्री १७८९ साली वारले होते, तरी न्यायाची गादी उभी होती. परंतु बाजीरावाच्या मनात होळकर घराण्याविषयी जुना द्वेष होता. एप्रिल १८०१ मध्ये विठोजीस हत्तीच्या पायाशी बांधून पुण्यात फरफटवीत ठार केले, आणि पेशवा ते वाड्यातून पाहत बसला. शिक्षा करण्याचा अधिकार त्यास होता. तो अधिकार त्याने सूड घेण्याकडे लाविला. त्याबद्दल त्यास कोणी जाब विचारला नाही. दरबारात एकही नाथान उभा राहिला नाही.

जाब विचारावयास आला तो विठोजीचा भाऊ यशवंतराव. तो न्यायाधीशाप्रमाणे आला नाही, फौज घेऊन आला. १८०२ च्या पावसाळ्याअखेर त्याचे सरदार दक्षिणेत उतरले. ८ ऑक्टोबर १८०२ रोजी बारामतीपाशी फत्तेसिंग मान्याच्या फौजेने पेशव्याच्या फौजेचा मोड केला. ज्या बारामतीत आठ वर्षांपूर्वीपर्यंत मोरोपंत आपल्या आर्या रचीत बसत, जेथे बाबूजी नाइकांच्या आश्रयाने विद्या व व्यापार वाढला होता, त्या गावाच्या शिवारात तोफा ओढल्या गेल्या. इंदापूर परगणाही त्या लुटीतून सुटला नाही. पुढे २५ ऑक्टोबरला हडपसरच्या रानात मोठी लढाई होऊन पुणे पडले. बाजीराव मात्र पळाला, आणि कोकणातून समुद्रमार्गे वसईस इंग्रजांच्या आश्रयास पोचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह केला. बापाने सुरतेस जे केले, तेच मुलाने वसईस केले.

इकडे दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. पाऊस जाणे हे या कोरडवाहू मुलखास नवे नाही. इंदापूरकर शेतकऱ्यास जन्मात दोनतीन दुष्काळ पाहावेच लागत. पण पेवातील जोंधळा आधीच घोड्यांस व शिपायांस गेलेला, बैल हाकलून नेलेले, बियाणेही शिल्लक नाही, अशा स्थितीत जो दुष्काळ येतो तो केवळ आभाळाचा नसतो. १८०३ व १८०४ या वर्षांचा तो दुष्काळ पुणे प्रांताच्या इतिहासात अत्यंत भयंकर म्हणून नोंदला आहे.

मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. राज्यकर्त्याच्या अपराधाचा न्याय झाला नाही म्हणून तो अपराध नाहीसा होत नाही. न्यायाच्या जागी सूड येतो. आणि न्याय अपराध्याचे नाव घेऊन त्याच्याच दारी जातो, तर सूड वाटेत जे शेत लागेल त्यावर कोसळतो. विठोजीच्या मरणाचा दोष पुण्याच्या वाड्याकडे होता. त्याची फेड कऱ्हेच्या काठच्या कुणब्याने, महाराने, मांगाने, धनगराने केली. ज्यांनी बाजीरावाचे तोंडही कधी पाहिले नव्हते, त्यांची उभी पिके तुडविली गेली.

आणि बाजीरावाचे काय झाले? १८१८ च्या जूनमध्ये त्याने माल्कम साहेबाच्या स्वाधीन होऊन वर्षास आठ लाख रुपयांचे पेन्शन घेतले, आणि गंगेच्या काठी विठूर येथे १८५१ पर्यंत सुखाने काळ घालविला. बत्तीस वर्षांची ती रक्कम अडीच कोटींहून अधिक होते. त्याचा आवडता कारभारी त्रिंबकजी डेंगळे, ज्याजवर १८१५ साली पंढरपुरास झालेल्या गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचा आरोप होता, तो मात्र चुनारच्या किल्ल्यात कैदेत मेला. धन्यास पेन्शन आणि चाकरास किल्ला, हे पुन्हा तेच.

गरिबांच्या वाट्यास कायदा कसा येतो, हेही याच बारामतीत पाहता येई. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने कित्येक जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यात ज्या वसाहती झाल्या त्यांपैकी एक बारामतीस होती. तेथे मनुष्याने चोरी केली की नाही हे विचारण्याआधी त्याची हजेरी घेतली जाई. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. एकीकडे अपराध सिद्ध नसताना हजेरी, आणि दुसरीकडे न्यायाधीशाने अपराध सांगितला असताना नेमणूक. हे दोन्ही प्रकार ज्या भूमीने पाहिले तेथील लोकांस कायद्यापुढे सर्व सारखे या बोलण्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही.

कोणी म्हणेल, सूड घेणे देवाकडे आहे असे पौल शिकवितो, मग ख्रिस्ती मनुष्याने हे कोर्टकचेरीचे बोलणे कशास काढावे? ते वचन रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी आहे, आणि लगेच तेरावा अध्याय लागतो. दोन्ही एका दमात वाचावे. तू स्वतः सूड घेऊ नको, असे आधी सांगितले; आणि अपराधाचे पारिपत्य करण्यास अधिकारी नेमिला आहे, हे त्यापाठोपाठ सांगितले. म्हणजे न्यायाधीशाचे आसन सूड बंद व्हावा यासाठीच आहे. जेथे ते आसन राजापुढे मोडते, तेथे बाराव्या अध्यायाची आज्ञा पाळणे लोकांस अतिशय कठीण जाते. क्षमेविषयीही असेच. माझा मुलगा मारला गेला असेल तर मी मारणाऱ्यास क्षमा करीन, प्रभू मला ते बळ देवो; परंतु शेजाऱ्याचा मुलगा मारला गेला असता मी उदारपणे क्षमा जाहीर करणे ही क्षमा नव्हे. मुत्सद्दी लोक तहात जी माफी लिहितात ती बहुधा या दुसऱ्या जातीची असते.

आता बाहेरच्या जगाकडे थोडे पाहू, कारण न्यायाच्या नावानेही सूड घेता येतो, हा धोका आहेच. १९१९ च्या व्हर्सायच्या तहात जर्मनीच्या कैसरवर खटला चालवावा असे कलम घातले. पण तो हॉलंडात आश्रयास गेला होता, त्या देशाने त्यास स्वाधीन केले नाही, आणि तो १९४१ साली तेथेच मेला. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग व टोकियो येथे न्यायासने बसली. टोकियोत अकरा न्यायाधीश होते. १९४८ च्या नोव्हेंबरात निकाल लागून तोजो आदिकरून सात जणांस डिसेंबरात फाशी झाली. जपानच्या बादशहास आरोपी केलेच नव्हते. त्या अकरांत आपल्या देशाचे राधाबिनोद पाल होते. त्यांनी सर्व आरोपींस सोडावे असे वेगळे मत दिले. जपानी फौजांनी अत्याचार केले नाहीत असे त्यांचे म्हणणे नव्हते. हरलेल्यांचा न्याय जिंकलेल्यांनी, मागाहून केलेल्या कायद्याने करावा, आणि अणुबाँब टाकणाऱ्यांस कोणी विचारू नये, यास न्याय म्हणता येत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप मला अर्धा पटतो. न्यायासन अर्धवट आहे हे खरे. परंतु म्हणून अपराधी निर्दोष झाला, असे त्यावरून निघत नाही. नानकिंगच्या मेलेल्यांस हिरोशिमाच्या मेलेल्यांनी काय द्यावे?

पाल यांच्या आक्षेपाला खरे उत्तर रामशास्त्र्यांच्या उदाहरणात आहे. ते शत्रूचे न्यायाधीश नव्हते. ज्या राज्याचे अन्न ते खात होते त्याच राज्याच्या धन्यास त्यांनी दोषी म्हटले. आपल्या बाजूच्या पुढाऱ्याचा न्याय आपण करणे, हे या विषयाचे सर्वांत अवघड व सर्वांत शुद्ध रूप होय.

स्वतंत्र भारतातही या गोष्टीची परीक्षा एकदा झाली. डिसेंबर १९७१ च्या युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी युद्ध संपल्यावरही उठविली नव्हती, आणि तीवर जून १९७५ मध्ये दुसरी आणीबाणी आली. लोक चौकशीवाचून तुरुंगात पडले. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायाधीशांनी म्हटले की या काळात बंदिवानास कोर्टात दाद मागता येत नाही. एकट्या हंसराज खन्ना यांनी विरुद्ध मत दिले, आणि पुढे त्यांस डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश केल्यावर त्यांनी राजीनामा दिला. सत्ता पालटल्यावर शहा आयोगाने चौकशी केली, आणि ३ ऑक्टोबर १९७७ रोजी माजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांस अटकही झाली. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटने त्यांस सोडले, आणि १९८० साली त्या पुन्हा निवडून आल्या. तेव्हा शिक्षा कोणास झाली नाही. पण खन्नांचे मत वाया गेले नाही. १९७८ च्या घटनादुरुस्तीने ठरले की आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क थांबविता येणार नाही. आपल्या घटनेत राष्ट्रपती व राज्यपाल यांस पदावर असेतोवर फौजदारी खटल्यापासून संरक्षण आहे. पंतप्रधानास तसे नाही. हेगच्या न्यायालयाचे सभासदत्व मात्र भारताने घेतलेले नाही.

खेड्यातील मंडळीस वाटेल की हे सारे मोठ्यांचे काम, यात आपण काय करणार? म्हणून एक शेवटली हकीकत देतो. आफ्रिकेत चाड नावाचा देश आहे. तेथे १९८२ ते १९९० पर्यंत हिसेन हाब्रे याचे राज्य होते. लिबियाशी युद्ध चालू होते, आणि त्या युद्धाच्या नावाने त्याच्या गुप्त पोलिसांनी हजारो माणसे कोठड्यांत मारली. सुलेमान गेंगेंग नावाचा एक साधा हिशेबनीस, भाविक ख्रिस्ती मनुष्य, दोन वर्षांहून अधिक काळ त्या कोठड्यांत होता. रोज शेजारचे कैदी मरताना पाहत होता. जिवंत सुटलो तर या मेलेल्यांसाठी न्याय मागेन, असे त्याने देवासमोर वचन दिले. हाब्रे पळून सेनेगल देशात गेला व तेथे मोठ्या घरात राहू लागला. गेंगेंग सुटला आणि त्याने गावोगाव फिरून, विधवांस व सुटलेल्या कैद्यांस विचारून, ७९२ जणांच्या हकीकती लिहून काढविल्या. जुने पोलीस अधिकारी अजून हुद्द्यांवरच होते. त्यांनी धाक घातला, तेव्हा त्याने ते कागद लपवून ठेविले. त्यांचा उपयोग होण्यास कित्येक वर्षे लागली. त्याजवळ ना फौज होती, ना पक्ष. कोणाचे नाव काय, त्यास कोणत्या दिवशी नेले, कोणी नेले, एवढे नीट लिहिलेले होते.

पुढे सेनेगलमध्येच, आफ्रिकेच्या देशांनी मिळून बसविलेल्या न्यायासनापुढे हाब्रेचा खटला चालला, आणि गेंगेंगने तेथे उभे राहून साक्ष दिली. ३० मे २०१६ रोजी हाब्रेस जन्मठेप झाली, व पुढील वर्षी अपिलातही ती कायम राहून सात हजारांहून अधिक पीडितांस भरपाई मंजूर झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये तो डाकार शहरी मरण पावला, तेव्हा तो कोणाचा पेन्शनदार नव्हता. शिक्षा झालेला कैदी होता.